खड्डे पाहायला आलेला माणूस

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. न्यू जर्सीत मुलीकडे मुक्कामाला होतो. एके दिवशी सकाळी जावई ऑफिसला निघण्याची काही लक्षणे दिसेनात. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "बाबा, आज खड्डे बघायला माणूस येणार आहे."

मला वाटले, माझी ऐकण्यात चूक झाली. घरामागच्या अंगणात आदल्या शनिवारी-रविवारी त्यांनी एका मित्राच्या मदतीने चार खड्डे खणले होते. वीतभर-सव्वा वीत रुंदीचे, तीन फूट खोल. ते पाहायला टाउनशिपच्या कचेरीतून एक अधिकारी येणार होता. चंद्रावरची विवरे पाहायला माणसे गेल्याचे ऐकले होते. परसातले खड्डे पाहायला सरकारी माणूस गाडी घेऊन येतो, हे मला नवीन होते. मी हसलो. जावई हसले नाहीत. ते सकाळपासून टेप घेऊन दर अर्ध्या तासाने खड्ड्यात वाकत होते.

हे सगळे चालले होते ते 'डेक'साठी. डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराला लागून उभारलेला लाकडी उघडा चौथरा. आपल्याकडच्या ओट्याचा किंवा पडवीचा हा चुलतभाऊच. फक्त डोक्यावर छप्पर नाही आणि पायाखाली शेणाने सारवलेली जमीन नाही. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तिकडची माणसे तिथेच जेवतात, गप्पा मारतात, मुलांचे वाढदिवस करतात. मुलीच्या घराचे मागचे दार जमिनीपासून चार फूट उंचावर आहे. दार उघडले की पुढे पोकळी. म्हणून बारा फूट बाय सोळा फुटांचा डेक करायचे ठरले. लाकडाची घरे, लाकडाचा ओटा, जागा स्वतःची, पैसा स्वतःचा, हातही बव्हंशी स्वतःचे. यात सरकारचा संबंध काय, असा माझा साधा भारतीय प्रश्न होता.

पण संबंध होता आणि तो मार्चपासूनच सुरू झालेला होता. प्रथम जमिनीच्या मोजणीच्या नकाशाची प्रत काढून तिच्यावर डेक कुठे येणार ते दाखवायचे. शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती फूट सोडले, मागच्या हद्दीपासून किती, ते लिहायचे. ही झाली जमिनीच्या वापराची परवानगी. त्यानंतर बांधकामाचा परवाना. आपल्या राहत्या घराचे नकाशे मालकाने स्वतः काढले तरी त्या राज्यात चालतात. त्यामुळे जावयांनी चार रात्री जेवणाच्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन नकाशा काढला. खांब किती, तुळई केवढी, फळ्यांखालच्या आडव्या कड्या किती अंतरावर, कठडा किती उंच, पायऱ्या किती. ही सगळी मापे देणारी कोष्टके छापील मिळतात. अमुक लांबीला अमुक जाडीचे लाकूड, हे शाळेतल्या पाढ्यासारखे त्यात पाहून घ्यायचे.

अर्ज गेला. तिथल्या नियमाप्रमाणे वीस कामकाजाच्या दिवसांत त्यावर निर्णय द्यावा लागतो. अर्ज परत आला. तेव्हा मी तिथे पोचलो होतो आणि खरे सांगायचे तर मला थोडा आनंदच झाला. म्हटले, चला, साहेबांच्या देशातही फाईल परत येते! पण परत आलेल्या अर्जासोबत एक कागद होता. त्यावर दोन मुद्दे होते. एक, घराच्या भिंतीला डेकची जी फळी जोडणार, ती कोणत्या बोल्टने आणि किती अंतरावर जोडणार, हे नकाशात दाखवलेले नाही. दोन, पायऱ्यांना हाताने धरायचा दांडा दाखवलेला नाही. प्रत्येक मुद्द्यापुढे नियमाचा क्रमांक. बस. "समक्ष भेटावे" असा शेरा नव्हता. जावयांनी दोन्ही गोष्टी काढून दाखवल्या, अर्ज पुन्हा दिला, शुल्क भरले आणि परवाना आला. तो रस्त्यावरून दिसेल असा खिडकीत लावला.

खड्डे खणण्यापूर्वी आणखी एक प्रकार. ८११ या क्रमांकावर फोन करायचा आणि आपण कुठे खणणार ते कळवायचे. तीन दिवसांत निरनिराळ्या खात्यांची माणसे येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून गेली. विजेच्या तारेची लाल, गॅसची पिवळी, पाण्याची निळी. अंगणात कुणीतरी अर्धवट रांगोळी काढून उठून गेल्यासारखे दिसत होते. या कामाचे पैसे पडले नाहीत.

तर तो खड्डे पाहणारा माणूस दहाच्या सुमाराला आला. साठीच्या आसपासचा, माझ्याच वयाचा. नमस्कार-चमत्कार झाले. मी सवयीने मुलीला म्हटले, "अगं, चहा टाक." ती हळूच म्हणाली, "बाबा, नको. ते घेत नाहीत." त्याने टेप सोडला आणि एकेका खड्ड्याचे माप घेतले. तळाशी भुसभुशीत माती राहिली आहे का, तेही पाहिले. चौथ्या खड्ड्यात दगड लागला होता, म्हणून तो तीन इंच कमी होता. "हा खाली न्या," तो म्हणाला. तिकडे हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून जमीन फुगते आणि पाया उथळ असेल तर खांब वर उचलला जातो. म्हणून त्या भागात पाया तीन फूट खाली न्यायचा असतो. जावयांनी दुपारभर पहार घालून दगड काढला. दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा आला, माप घेतले, सही केली, गेला. मगच काँक्रीट ओतता आले. कारण काँक्रीट ओतल्यावर खड्डा किती खोल होता, हे परमेश्वराखेरीज कुणालाच कळत नाही.

हे शेवटचे वाक्य त्याचे नव्हे, माझे. पण त्या रात्री ते माझ्या डोक्यातून जाईना.

हे सगळे वाचून, 'आणखी एक निवृत्त गृहस्थ अमेरिकेला जाऊन आले आणि आता आपल्याला तिकडच्या शिस्तीचे पुराण ऐकवणार' असे वाचकांना वाटले तर त्यांचा दोष नाही. म्हणून आधीच सांगतो. त्याच गल्लीत राहणारे एक निवृत्त इलेक्ट्रिशियन कुंपणापाशी येऊन जावयांना म्हणाले होते, "परवाना कशाला काढलास? माझा डेक वीस वर्षं उभा आहे. कुणी विचारलं नाही." म्हणजे जगात सगळीकडे शेजारी सारखेच. आणि शिकागोसारख्या शहरात २००८ मध्ये बांधकाम व झोनिंग खात्यांतल्या लाचखोरीच्या केंद्रीय तपासात अनेकांवर आरोप ठेवले गेले. तेव्हा तिकडची माणसे कुठल्या वेगळ्या मातीची आहेत, असे मुळीच नाही.

त्याच शिकागोत २९ जून २००३ च्या रात्री काय झाले ते मी नंतर वाचून काढले. एका इमारतीच्या मागच्या बाजूला मजल्यामजल्यावर लाकडी सज्जे होते. मेजवानीसाठी तरुण मुले-मुली तिथे जमली होती. वरचा सज्जा कोसळला, तो खालच्यावर, खालचा त्याच्याखालच्यावर. १३ जण मरण पावले. तो सज्जा परवान्याविना बांधलेला आणि नियमापेक्षा मोठा होता, असे शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. बारा वर्षांनी, १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पाचव्या मजल्यावरची बाल्कनी तुटली आणि सहा विद्यार्थी गेले. ही इमारत रीतसर मंजुरीची होती. पण आत पाणी मुरून लाकूड कुजले होते. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने अशा इमारतींच्या बाल्कन्या ठरावीक मुदतीने तपासण्याचा कायदा केला. म्हणजे कागद नसला तर माणसे मरतात आणि नुसता कागद असला तरीही मरतात. कागदावर लिहिलेले कुणीतरी प्रत्यक्ष वाकून पाहावे लागते.

आता माझ्या घराकडे येतो. खरे तर हा लेख तिथूनच सुरू व्हायला हवा होता, पण माणूस आपल्या चुकीपर्यंत वळसा घेऊनच पोचतो.

१९८९ साली मी आमच्या शहरात, नव्या वस्तीतल्या एका सहकारी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी असा फ्लॅट घेतला. शहराचे नाव सांगत नाही, कारण महाराष्ट्रातले कोणतेही मोठे शहर चालेल. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिला अभ्यासाला जागा नव्हती. १९९४ साली बाल्कनी बंद करायचे ठरले. मी बँकेत अधिकारी. रोज लोकांकडून 'मंजूर नकाशाची प्रत' मागणारा माणूस. म्हणून मी आधी परवानगी काढायला गेलो.

खिडकीवरच्या कारकुनाने माझा अर्ज हातात घेतला, वाचला आणि चष्मा वर करून माझ्याकडे नीट पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, बाल्कनी बंद करायला कुणी अर्ज करतं का? अर्ज केलात की तुमचं नाव लागलं. उद्या पाहायला माणूस येईल. आजूबाजूच्या दहा बंद बाल्कन्या सोडून तुमचीच पाहील." अर्ज त्याने परत माझ्या हातात दिला. पैसे मागितले नाहीत. आजही मला त्याचा राग येत नाही. त्याने मला त्याच्या परीने प्रामाणिक सल्ला दिला होता. त्या व्यवस्थेत ज्याने विचारले तो सापडला, ज्याने विचारले नाही तो सुटला.

मी विचारणे सोडून दिले. गवंडी आला. बाल्कनीच्या जुन्या कठड्याच्या जागी त्याने तीन फूट उंचीची, दहा फूट लांबीची विटांची भिंत घातली आणि वर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या. चार दिवसांत खोली तयार. पुढे मुलीची दहावी, बारावी, इंजिनिअरिंग सगळे त्या खोलीतल्या टेबलावर झाले. त्या खोलीवर आमचा जीव आहे.

त्या भिंतीचे वजन किती, हा प्रश्न मला पुढची तीस वर्षे पडला नाही. न्यू जर्सीत पडला. जावयांच्या नकाशात एक ओळ होती: दर चौरस फुटाला चाळीस पौंड भार. बारा बाय सोळा म्हणजे १९२ चौरस फूट. चाळिसाने गुणले तर ७,६८० पौंड, जवळजवळ साडेतीन टन. म्हणजे पन्नास माणसे एकदम डेकवर उभी राहिली तरी त्याने ती पेलायला हवीत. बँकेतल्या माणसाला गुणाकार दिसला की राहवत नाही. मी कागद घेतला आणि माझ्या बाल्कनीतल्या भिंतीचा हिशेब केला. पाचसहाशे किलो, शिवाय खिडक्या, शिवाय पुस्तकांचे कपाट. आणि बाल्कनी म्हणजे एका टोकाला धरलेली, दुसऱ्या टोकाला हवेत असलेली लादी. तिच्या नेमक्या मोकळ्या टोकावर मी भिंत बांधली होती. ज्या टोकावर वजन ठेवू नये, तेवढे एकच टोक निवडून.

आणि त्या टोकाशी टेबल लावून मी मुलीला बसवले होते.

नोकरीतही मी काही वेगळे केले नाही. १९९८ च्या सुमारास मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक प्राथमिक शिक्षक घरावर एक खोली बांधायला कर्ज मागायला आले. मी नियमाप्रमाणे बांधकाम परवानगी मागितली. सरळ माणूस, आठ महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. कधी नकाशा कमी, कधी साहेब रजेवर, कधी नुसतेच "या पुढच्या आठवड्यात". शेवटी पतपेढीतून जास्त व्याजाने पैसे काढून त्यांनी खोली बांधली. वर्षभरात कर आकारणीवाले येऊन खोली मोजून गेले आणि वाढीव घरपट्टीची पावती त्यांच्या हाती पडली. ज्या कचेरीला खोलीचा नकाशा आठ महिन्यांत पाहता आला नाही, तिला खोलीवरचा कर मात्र दिसला. पुढच्या साली ते ती पावती घेऊन माझ्याकडे आले. पतपेढीचे कर्ज त्यांना झेपत नव्हते. मी 'घरदुरुस्ती' या नावाखाली कर्ज मंजूर केले. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे मला पक्के ठाऊक होते. व्हॅल्युअरने "बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे" असे लिहून दिले आणि मी त्याखाली सही केली. अशा किती सह्या केल्या, ते मोजण्याचे धाडस मला आता होत नाही.

कायदा नव्हता, असे नाही. आपला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळाली असे मानावे, अशी तरतूद त्यात आहे. बाल्कनी बंद करायला वाटच नव्हती, असेही नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अधिमूल्य भरून बाल्कनी बंदिस्त करण्याची सोय होती. २०१२ च्या दुरुस्तीने बाल्कन्या चटई क्षेत्रातच मोजायला सुरुवात झाली. म्हणजे कायदा पुस्तकात होता, पण त्या पुस्तकापासून खिडकीपर्यंतचा रस्ता सामान्य माणसाला चालण्यासारखा नव्हता. आणि चालता न येणारा रस्ता असला की त्यावर खांद्यावरून पलीकडे नेणारे लोक तयार होतात. त्यांचा तोच धंदा असतो.

याला आपण शोधलेला उपाय म्हणजे नियमितीकरण. आधी बांधू द्यायचे, मग काही वर्षांनी एक तारीख ठरवून तोपर्यंतचे सारे दंड घेऊन पावन करायचे. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, तेव्हा मुदत होती १ जानेवारी २००१. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात दुरुस्ती करून २०१५ अखेरपर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी वेगळी वाट काढली. मी या कायद्यांच्या सरसकट विरोधात नाही. गुंठा-दोन गुंठे घेऊन पत्र्याखाली संसार मांडलेल्या माणसाने जायचे कुठे? शहराने त्याला परवडेल असे कायदेशीर घर कधी देऊ केले होते? तिकडच्या उपनगरांतले ऐसपैस अंगण आणि हद्दीपासून सोडायचे फूट इथल्या चाळीस वार जागेला लावता येणार नाहीत, हेही मला कळते.

पण दोन गोष्टी राहतात. पहिली, दर काही वर्षांनी अशी तारीख पुढे सरकते तेव्हा रांगेत उभ्या राहिलेल्या त्या शिक्षकाला आपण काय सांगतो? "गुरुजी, तुमचे आठ महिने फुकट गेले." बँकेत कर्जमाफीच्या प्रत्येक फेरीनंतर नियमित हप्ते भरणारा खातेदार काउंटरपाशी येऊन "मग आम्हीच मूर्ख का?" असे विचारत असे. त्याला मला कधीच उत्तर देता आले नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दंड भरल्याने बांधकाम कायदेशीर होते, मजबूत होत नाही. पावतीने लादीतली सळई जाड होत नसते.

४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत बांधता बांधताच कोसळली आणि ७४ माणसे गेली. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला चार मजल्यांची इमारत पडून १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात इमारतीच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर त्या सकाळी जे आपापल्या घरात होते, त्यांनी काय बेकायदा केले होते? मला वाटते, परवान्याचा खरा अर्थ इथे आहे. आपण समजतो, परवाना म्हणजे सरकारने आपल्यावर केलेली मेहेरबानी, किंवा सरकारने आपल्याला घातलेला अडसर. तो त्या माणसासाठी असतो, जो खाली राहतो, जो उद्या पाहुणा म्हणून येईल, जो वीस वर्षांनी ते घर विकत घेईल. त्या माणसाला खड्ड्याची खोली कधीच मोजता येणार नाही. म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी आज वाकून पाहायचे.

मग करावे काय? नुसते उसासे टाकण्याचे माझे वय नाही आणि क्रांतीचेही राहिलेले नाही. म्हणून बँकेच्या भाषेत चार किरकोळ गोष्टी सुचवतो. घरातल्या लहान कामांसाठी, म्हणजे बाल्कनी, गच्चीवरची शेड, जिन्यावरचे छप्पर यांसाठी वेगळी खिडकी असावी आणि त्या कामांचे नमुना-नकाशे मापांसकट छापून मराठीत द्यावेत. अर्ज नाकारायचा किंवा परत करायचा तर लेखी, मुद्देवार, नियमाच्या क्रमांकासह. "समक्ष भेटा" हा शेरा बंद. गिलावा करून सारे झाकून टाकण्यापूर्वी एकदा कुणीतरी येऊन पाहावे. २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि आणखी काही भाग वगळून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आली आणि छोट्या भूखंडांवरच्या घरांसाठी प्रक्रिया बरीच सोपी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नियम सोपा करणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे टेप घेऊन वाकणारा माणूस, आणि तो वाकला नाही तर त्याला विचारणारा साहेब. चौथी गोष्ट आपल्यासाठी. अर्ज करणाऱ्याला वेडा ठरवणे आपण थांबवावे. त्या कारकुनाने मला जो सल्ला दिला, तोच मी पुढे सोसायटीतल्या निदान तिघांना दिला आहे.

डेक ऑगस्टमध्ये पुरा झाला. तो माणूस आणखी दोनदा येऊन गेला. कठड्याच्या दोन गजांतून चार इंचांचा चेंडू जाऊ नये, असा नियम आहे. लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून. त्याने तेही मोजले. मुलीकडे गणपती बसतो. आरतीला मंडळी जमली आणि नंतर प्रसादाच्या थाळ्या घेऊन सगळी डेकवर गेली. तीस-पस्तीस माणसे असतील. मी दारात उभा राहून नकळत डोकी मोजत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, काय पुटपुटताय?" मी म्हटले, "काही नाही." पन्नासला अजून बराच अवकाश होता.

ऑक्टोबरात परत आलो. आमची इमारत पस्तिशी ओलांडून पुढे गेली आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींनी दर तीन वर्षांनी संरचनेची तपासणी करून घ्यावी, असे सोसायटीच्या उपविधींत आहे. आम्ही ती टाळत आलो होतो. यंदा सभेत मीच विषय काढला आणि सगळ्यांचा रोष ओढवून घेतला. इंजिनिअर आले, बाल्कनीच्या खालच्या अंगाला हातोडीने ठोकून पाहिले, काही ठिकाणी पोकळ आवाज आला. भिंत उतरवावी लागेल, असे त्यांनी सांगितले. सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अमेरिकेत फोन केला तेव्हा मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टेबल मात्र टाकू नका."

तपासणीपूर्वी प्रत्येक सभासदाला एक छापील फॉर्म भरून द्यायचा होता. सदनिकेत मूळ नकाशाखेरीज फेरबदल केले आहेत काय? असल्यास परवानगी घेतली होती काय? सोसायटीतल्या चोवीस बंद बाल्कन्यांपैकी किती जणांनी काय लिहिले, ते सेक्रेटरींना ठाऊक. मी पहिल्या प्रश्नापुढे 'होय' लिहिले, दुसऱ्यापुढे 'नाही' लिहिले आणि सही करून फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा वर करून माझ्याकडे नीट पाहिले.